एका कापडाला दोन कात्र्या

अण्णांच्या दोन्ही पावलांना सूज आली होती आणि घरात ते मोठ्याने म्हणायला कुणी तयार नव्हतं. अण्णा म्हणत होते, चपलेचा पट्टा काचतो. पुण्याहून सुट्टीला आलेला मंदार म्हणत होता, उन्हाळ्यात होतं असं. वृषाली आठवडाभर कामासाठी कराडला राहून त्या सकाळीच मिरजेला परतली होती. तिने पिशवी दारातच ठेवली, खाली बसून वडिलांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेवर पडावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"चपलेचा पट्टा इतक्या वर असतो होय अण्णा?"

"असू दे की गं. संध्याकाळपर्यंत उतरंल."

"कधीपासून आहे हे?"

"झाले असतील चार-दोन दिवस. तू कामात होतीस, उगीच कशाला जिवाला घोर म्हणून नाही सांगितलं."

वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांच्या पोटात उजव्या बाजूला जी किडनी होती, ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या पोटात होती. दिली तेव्हा तिने एकच अट घातली होती, की काही दुखलं-खुपलं तर पहिल्यांदा मला सांगायचं. अण्णा तेव्हा लगेच हो म्हणाले होते. पण अण्णा सगळ्यांनाच लगेच हो म्हणत.

नारायण रेळेकर म्हणजे मिरजेतले जुने शिंपी. त्यांच्या हाताची सफाई गावाला ठाऊक होती, आणि त्यांचं "शनिवारी या" हे वाक्यही. कापड घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. दहा जणांना एकच शनिवार द्यायचा आणि शुक्रवारी मशीनवर डोकं टेकून बसायचं. त्यांची बायको असेपर्यंत म्हणायची, भीड भिकेची बहीण, एक दिवस ही भीड आपल्याला खाईल. ती बिचारी गेली, आणि अण्णांची भीड तेवढी खाऊन-पिऊन सुखरूप राहिली.

वृषालीने फोनवर अण्णांचा प्रतिदेह उघडला.

प्रतिदेह येऊन आता सात-आठ वर्षं झाली होती. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा जीव एका औषधावर तोललेला असतो. बाहेरून आलेली किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर तुटून पडू नये म्हणून त्याच्या प्रतिकारशक्तीला थोडं झोपवून ठेवावं लागतं. औषध कमी पडलं तर शरीर किडनीचा फडशा पाडतं, जास्त झालं तर साधा खोकलासुद्धा माणसाला घेऊन जातो. पूर्वी डॉक्टर अधूनमधून रक्त तपासून अंदाजाने डोस ठरवत. आता अण्णांच्या शरीराची एक गणिती नक्कल रात्रंदिवस चालू असे. दंडावर चिकटवलेली टिकली रक्तातलं औषध, पाणी, क्षार मोजून कळवत राही. त्यावरून प्रतिदेह शिके, की या माणसाचं यकृत औषध किती वेगाने संपवतं, उपास केला तर काय होतं, वजन वाढलं तर काय. पुढचा डोस तो आधी स्वतःवर करून बघे, आणि मगच अण्णांच्या कातडीखाली बसवलेल्या पंपाला हुकूम देई.

हा प्रतिदेह एका व्हर्च्युअल मशीनमध्ये राहत असे, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात मांडलेल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये. असे शेकडो एका पेटीत सुखाने नांदतात. अण्णांचं मशीन मिरजेत डॉ. मगदूमांच्या हॉस्पिटलात होतं. पण त्याची डिस्क, म्हणजे अण्णांच्या शरीराबद्दल आजवर शिकलेलं सगळं जिच्यावर लिहिलं होतं ती, तिथे नव्हती. ती होती कराडच्या साठवण केंद्रात. नेटवर्कवरून ती मशीनला अशी काही जोडलेली असायची, की मशीनला वाटावं, डिस्क आपल्याच कुशीत आहे. त्या केंद्रात अशा हजारो डिस्कांची देखभाल करणं हीच वृषालीची नोकरी होती. बापाच्या शरीराची आठवण आपल्या हाताखाली सुरक्षित आहे, एवढं एक समाधान तिला होतं.

पडद्यावर त्या सकाळची दोन वजनं होती. एक चौसष्ट किलो, आणि लगेच खाली एकाहत्तर.

"अण्णा, आज काटा किती दाखवत होता?"

"चौसष्ट. का गं?"

चहा पिऊन होईपर्यंत कुणी सात किलोंनी वाढत नाही. तिने मागचे दिवस उघडले. मार्चमधला ताप नोंदींतून गायब होता. यकृताचा वेग एका दिवशी नेहमीचा, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीचा. आणि गेले दोन आठवडे मशीनने तो निम्मा वेगच खरा धरला होता. म्हणजे त्याच्या मते औषध अण्णांच्या रक्तात बराच वेळ टिकत होतं. म्हणून ते डोस कमी कमी करत चाललं होतं, आणि टिकलीने कळवलेला उतरता आकडा मोजण्यातली चूक म्हणून सोडून देत होतं.

असा घोळ वृषालीने पूर्वी पाहिला होता, पण फक्त प्रशिक्षणाच्या वर्गात. मुद्दाम करून दाखवतात, कधी करू नका म्हणून. तिने कराडला फोन लावला. फोन प्रशांत बिरनाळेने उचलला. तिच्याच हाताखाली तयार झालेला, आता तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, दोन मुलांचा बाप असलेला शहाणासुरता माणूस.

"प्रशांत, नारायण रेळेकरांच्या डिस्कला किती मशीनं जोडलेली आहेत?"

पलीकडे प्रशांतने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"दोन, मॅडम."

"दोन्ही लिहितायत?"

"हो. म्हणजे, मंदारदादांचा फोन आला होता महिन्यापूर्वी. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

वृषालीने मान वळवून भावाकडे पाहिलं. मंदार खिडकीतून रस्त्यावरचं काहीतरी फार मन लावून बघत होता.

"पुण्याच्या हॉस्पिटललाही अण्णांचं बघायचं होतं," प्रशांत सांगत होता. "त्यांनी डिस्क मागितली. पण मिरजेच्या मशीनने ती धरून ठेवलेली. दुसऱ्याला लिहायला मिळेना."

"मिळणारच नाही. त्यासाठीच कुलूप असतं ते. वाचायला द्यायचीस, लिहायला कशाला दिलीस? नाहीतर प्रत काढून द्यायचीस."

"वाचायला दिली किंवा प्रत काढली, तरी रुग्णाच्या डॉक्टरांना आपोआप कळवलं जातं, मॅडम. दादा म्हणाले, मगदूम डॉक्टरांना कळता कामा नये, त्यांना वाईट वाटेल. मग एकच मार्ग राहिला."

तो मार्ग कोणता हे तिला सांगायची गरज नव्हती. एखादं मशीन अचानक बंद पडलं तर त्याने डिस्कला घातलेलं कुलूप तसंच राहतं, किल्ली खिशात ठेवून माणूस मरावा तसं. अशा वेळी ते मशीन मृत आहे असं जाहीर करून कुलूप तोडता येतं. मेलेल्याला कळवायचं कुणी, म्हणून निरोप कुणालाच जात नाही. नियम एवढाच, की कुलूप तोडण्याआधी ते मशीन खरोखर मेलंय याची खात्री करायची, आणि धुगधुगी असेल तर आधी ते बंद करायचं. प्रशांतने मिरजेचं मशीन बंद केलं नव्हतं. केलं असतं तर डॉक्टरांना कळलं असतं.

"म्हणजे डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून तू त्यांच्या मशीनला मेलेलं ठरवलंस."

"मॅडम, कुणा परक्याचं असतं तर हात लावला नसता. तुमच्या वडिलांचं काम. तुमच्या नावावर केलं मी."

हे ऐकल्यावर मात्र तिचा आवाज चढला. "आठवडाभर माझ्यासमोर बसून चहा पीत होतास प्रशांत. एका शब्दाने बोलला नाहीस."

"दादा म्हणाले होते, तुम्हालाही सांगू नका."

ओळखीने काम करून घेणं ही आपल्याकडे कला समजली जाते. रांग मोडून आत जाणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, त्याची पोच मोठी म्हणतात. मंदारने बहिणीची ओळख वापरून बहिणीनेच राखलेलं कुलूप फोडलं होतं, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्याला अजूनही वाटत नव्हतं.

"दोन्ही मशीनं आत्ता थांबव," ती प्रशांतला म्हणाली. "आधी डिस्क सोडव दोघांकडून. आणि कुणी काहीही म्हणालं तरी मी सांगेपर्यंत परत जोडायची नाही."

"पण मग पंपाला हुकूम कोण देणार?"

"डॉक्टर देतील. हाताने. तू थांबव."

तिने फोन ठेवला आणि दुसरा लावला. डॉ. मगदूम बाह्यरुग्ण विभागात होते. तिने चार वाक्यांत सांगितलं. "निघतो," एवढंच ते म्हणाले. त्यांचं हॉस्पिटल दोन चौक पलीकडे होतं.

तेवढ्या वेळात घरात जे व्हायचं ते झालं.

"मला सांगितलं का नाहीस?" तिने मंदारला विचारलं.

"तू भांडली असतीस."

"भांडलेच असते. भांडून किडनी वाचली असती."

"मी काय वाईट व्हावं म्हणून केलं का?" मंदारही तडकला. "पुण्यात जास्त मोठी टीम आहे. अण्णांचं आणखी चांगलं होईल म्हणून केलं. सगळी अक्कल मिरजेतच आहे का?"

"मग डॉक्टरांना तोंडावर सांगायचं, आम्ही पुण्यालाही दाखवतोय. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"ज्या माणसाने आईच्या शेवटच्या आजारात रोज घरी येऊन इंजेक्शनं दिली, त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की आमचा तुमच्यावर भरवसा नाही?" मंदार खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तू किडनी दिलीस. माझंही रक्त जुळत होतं. मी दिली नाही. मला काहीतरी करायचं होतं गं."

एरवी या वाक्याने ती विरघळली असती. आज नाही. आपल्या मनाचा सल काढण्यासाठी याने तिची किडनी वापरली होती, असंच तिला दिसत होतं.

"वृषा, त्याला नको बोलूस," खुर्चीतून अण्णा म्हणाले. "मला विचारूनच केलं त्यानं. मीच हो म्हणलो. अंगठा पण दिला."

ती वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरगं इतक्या लांबून येऊन सांगतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि मला काय ठाऊक, असं काय होतंय ते. दोन डॉक्टर बघतील, दोघांची मदत होईल. बिघडतंय काय?"

बिघडतंय काय. वृषाली त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून त्यांना कळलं नसतं, आणि आज त्यांना कळल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"अण्णा, दुकानात कापड कोण बेतायचं?"

"मी. नाहीतर शंकर."

"तुम्ही खडूने आखलेलं कापड शंकरकाका कापायचे?"

"छे. ज्यानं बेतलं त्यानंच कापायचं. मधी दुसऱ्यानं कात्री लावायची न्हाई. आपल्या दुकानाचा नियमच होता तो."

"का?"

"का म्हणजे? आखलेलं थोडं कापडावर असतं, थोडं डोस्क्यात असतं. शिवण किती सोडायची, बाही कुठनं काढायची. दुसऱ्याला ते दिसत नाही. त्यो त्याच्या हिशेबानं कापणार."

"बरोबर. मशीनचंही तसंच असतं. डिस्क जोडली की मशीन ती एकदा वाचून घेतं आणि पुढचं सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवतं. ही डिस्क माझ्या एकट्याची आहे, माझ्याशिवाय इथे कुणी हात लावत नाही, असं ते धरून चालतं. तसं धरलं नाही तर त्याला कामच करता येणार नाही. अधूनमधून डोक्यातलं डिस्कवर उतरवतं, पण दुसऱ्याने तिथे काय लिहिलंय ते बघायला जात नाही. आता एकाच कापडावर मिरजेने आखलं आणि पुण्यानेही आखलं. पुण्याचा हिशोब वेगळा. त्यांनी तुमचं वजन जुन्या कागदावरून घेतलं, यकृताचा वेग त्यांच्या पद्धतीने मांडला. दोघं आपापल्या खुणा एकमेकांच्या खुणांवर उमटवत राहिले. दोघांनाही वाटत होतं, सगळं ठीक चाललंय. कुणालाही चूक झाली असा इशारा आला नाही, कारण दोघांच्याही मते चूक झालीच नव्हती."

अण्णा ऐकत होते. त्यांचा अंगठा नकळत तर्जनीवर घासत होता, खडू धरल्यासारखा.

"दोन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीसाठी मिरजेचं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, नोंदीत दिसतंय. तेव्हा त्याच्या डोक्यातलं गेलं आणि त्याने डिस्क पहिल्यापासून वाचली. त्यावर काय होतं? अर्धं याचं, अर्धं त्याचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्या चिंध्यांतून त्याने तुमचं शरीर जोडलं, अण्णा. तुम्ही नाहीच त्यात. भलताच कुणीतरी माणूस आहे, आणि त्या माणसाला सोसेल तेवढं औषध ते तुम्हाला देत होतं."

"म्हणजे कमी?"

"कमी. तुमचं शरीर माझी किडनी खातंय."

अण्णांनी पोटावर हात ठेवला. मंदार खिडकीपाशीच उभा होता, पण आता तो रस्त्याकडे बघत नव्हता.

डॉ. मगदूम आले ते पंपाला हाताने हुकूम देण्याचं यंत्र घेऊनच. सत्तरीला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी सूज पाहिली, टिकलीवरचे आकडे पाहिले, पंपातून लगेच वाढीव डोस सोडला आणि अण्णांना दाखल करायला सांगितलं. हे सगळं होईपर्यंत ते एका शब्दाने वावगं बोलले नाहीत. मग चष्मा काढून पुसत अण्णांच्या समोर बसले.

"नारायणराव, गेल्या दिवाळीत मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

अण्णा खाली बघू लागले.

"एकदा पुण्याला दाखवून या, म्हणालो होतो. मी चिठ्ठी देतो, म्हणालो होतो. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"छे छे, म्हणलो," अण्णा पुटपुटले. "तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे, म्हणलो."

वृषालीला हे माहीत नव्हतं. ते ऐकून तिला काही क्षण खरोखरच काही दिसेनासं झालं. ज्या डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून एवढं सगळं केलं, त्या डॉक्टरनेच जा म्हणून सांगितलं होतं. त्यांचं मन राखायला अण्णा नको म्हणाले, मग मुलाचं मन राखायला हो म्हणाले, आणि या दोन मनांच्या मधे तिची किडनी चिरडली. दार उघडं असताना भिंत फोडून आत जाणारी माणसं ही. जगात कुठे असला मूर्खपणा चालत असेल तर असो, आपल्याकडे त्याला स्वभाव चांगला असणं म्हणतात.

"मला दुसऱ्या डॉक्टरचं कधीच वाईट वाटलं नसतं," डॉ. मगदूम म्हणाले. "पण तुम्ही लोकांनी मला मेलेला लिहिलंत, त्याचं वाटलं."

मंदार खिडकीपासून हलला आणि अण्णांच्या कपड्यांची पिशवी भरू लागला.

पुढचे दिवस इंजेक्शनांचे होते. किडनीचा तुकडा काढून तपासला, शरीराने हल्ला सुरू केल्याचं नक्की झालं, मग तो हल्ला थोपवण्याची जबर औषधं. अण्णांचे हात थरथरू लागले, तोंड सुजलं, झोप उडाली. वृषाली दिवसा हॉस्पिटलात बसे आणि तिथूनच तिने प्रशांतविरुद्ध तक्रार लिहिली. घडलं ते सगळं लिहिलं, आपलं नाव वापरलं गेलं तेही लिहिलं. केंद्रातून एकामागून एक फोन आले. जाऊ दे, लेकुरवाळा माणूस आहे. जाऊ दे, त्याचा हेतू वाईट नव्हता. जाऊ दे, घरातलीच गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला. ती प्रत्येकाला म्हणाली, "हेतूला मी काय करू? हेतू रक्त गाळतो का?" आणि तक्रार पाठवून दिली.

किडनी वाचली, म्हणजे निम्मीअधिक गेली आणि उरलेली तगली. "पंधरा वर्षं चालेल असं मी तुम्हाला म्हणालो होतो," डॉ. मगदूम तिला बाजूला घेऊन म्हणाले. "आता पाच धरा. सांभाळलं तर."

अण्णांना घरी सोडायच्या दिवशी सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. प्रतिदेह पुन्हा सुरू करायचा होता. कुलूप तोडण्याआधीच्या डिस्कची एक प्रत केंद्रात नेहमीच्या शिरस्त्याने जपलेली होती. मधल्या दिवसांचं शिकलेलं वाया जाणार होतं, पण निदान तिच्यातला माणूस नारायण रेळेकरच होता. डॉक्टरांनी टॅब्लेटची पाटी अण्णांसमोर ठेवली. त्यावर एकच प्रश्न होता: लिहिण्याचा अधिकार कुणाला? खाली मिरज आणि पुणे अशी दोन नावं होती, आणि एकाच नावावर अंगठा ठेवायचा होता.

पुण्याच्या हॉस्पिटलातली समन्वयक फोनवर होती. आवाज मोठा गोड. "काका, आम्हीही तुमच्यासोबत राहू इच्छितो. तुम्ही म्हणाल तसं."

अण्णांनी अंगठा उचलला. डॉक्टरांकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं. वृषालीला तो चेहरा पाठ होता. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की तो असाच व्हायचा.

"दोघांनाबी ठेवता नाही का येणार?" अण्णांनी तिला विचारलं. "म्हंजे, या वेळी नीट सांगून-सवरून. कुणालाच वाईट नको वाटायला."

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. आजारी म्हाताऱ्यावर ओरडू नये, हे तिलाही ठाऊक होतं. ती ओरडली नाही. उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेली, त्यांचा थरथरता हात धरला आणि कुर्त्यावरून आपल्या डाव्या कुशीवर ठेवला. तिथे वण होता. कापडातूनही बोटांना लागावा असा. त्या बोटांनी आयुष्यभर शिवणीच चाचपल्या होत्या.

"लागतंय?" ती म्हणाली. "इथे होती ती तुम्हाला दिली. आता आत एकच उरली आहे, अण्णा, आणि ती मी कुणाचं मन राखायला देणार नाही. तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल."

अण्णांनी हात काढला नाही. बराच वेळ ते त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग तोच अंगठा त्यांनी पाटीवर मिरजेच्या नावावर टेकवला.

"पुण्याला सांग," ते मंदारला म्हणाले.

"तुम्हीच सांगा," वृषाली म्हणाली. मंदारने फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाई," अण्णा म्हणाले, "आमच्या डॉक्टरांस्नी काही विचारायचं झालं तर ते तुम्हाला विचारतील. तुम्हाला बघायचं असंल तर नुसतं बघा. लिहायचं न्हाई."

"ठीक आहे, काका. मग लिहायला पुढे कधी जोडू या आपण? पुढच्या आठवड्यात?"

"शनि..." अण्णांच्या तोंडून गेलं. ते तिथेच थांबले. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"नाही," अण्णा म्हणाले.

पलीकडे बाईंना बहुधा वाईट वाटलं. त्यांनी आवाजातला गोडवा काढून नुसतं बरं म्हटलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता आणि फोन ठेवल्यावरही ते पाटीकडेच बघत बसले होते.

मंदार पुसटसं हसला, झालं एकदाचं अशा अर्थाने, आणि बहिणीकडे बघू लागला, आता तरी राग गेला का म्हणून. तिचा राग गेला नव्हता. तिने अण्णांच्या औषधांची पिशवी उचलली, त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "चला अण्णा. पाय दाखवा आधी."

अण्णांनी कुरकुर न करता चप्पल काढून पाय पुढे केला.